वॉशिंग्टन आडनावाचे लोक मूळचे कुठले?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये वॉशिंग्टन आडनावाचे एक गृहस्थ नव्याने आलेत. अमेरिकेतले, कृष्णवर्णीय. कॉलवर ओळखपाळख चालू असताना त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, गावाचं नाव आणि पुढे 'कर', म्हणजे त्या गावचा. त्यावर म्हणाले, "मग आपण दोघे सारखेच. माझंही आडनाव गावाचंच आहे, फक्त ते गाव इंग्लंडात आहे आणि आमच्या घरातलं कोणी तिथलं नाही." तेवढ्यात मॅनेजर आला आणि विषय राहिला.

तर प्रश्न दोन. हे गाव कुठलं आणि नावाचा अर्थ काय? आणि जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, मग अमेरिकेत हे आडनाव एवढं पसरलं कसं? डेन्झेल वॉशिंग्टन, केरी वॉशिंग्टन, बुकर टी. वॉशिंग्टन... जॉर्ज सोडला तर मला एकही गोरा वॉशिंग्टन आठवेना.

गूगल करून चिकटवू नका, ते मलाही येतं.

चहाची_टपरी
वॉशिंग + टन. एका घाण्यात टनभर कपडे धुणारा. पुढचा प्रश्न? (हलकेच घ्या.)

सईबाई
रुमाल टाकून ठेवते. धागा चांगला चालणार असं दिसतंय.

उंटावरचा_शहाणा
टपरी, धुण्याशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी, वस्ती. तोच पुढे गावांच्या नावात 'टन' झाला. मधला 'इंग' म्हणजे अमक्याची माणसं, त्याचं गणगोत. आणि सुरुवातीला त्या अमक्याचं नाव, ह्वासा. म्हणजे ह्वासाच्या माणसांची वाडी. हा ह्वासा कोण, हे विचारू नका, गावाच्या नावात उरलाय तेवढाच.

याच घाटाची आडनावं भरपूर आहेत. न्यूटन म्हणजे नवी वाडी, आपल्याकडचे नवगावकर. मिडलटन मधल्या वाडीचे. सटन, नॉर्टन, वेस्टन हे अनुक्रमे दक्षिण, उत्तर आणि पश्चिमेकडच्या वाडीचे.

कपडे धुण्यावरूनच आडनाव हवं असेल तर ते लॅव्हेंडर! फुलाचा वास घेत बसू नका, जुन्या फ्रेंचमधला धुणारा तो 'लाव्हांदिए', त्यावरून आलंय. आणि वॉकर हे आडनाव फिरायला जाणाऱ्याचं नव्हे. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की पाण्यात घालून पायांनी तुडवायचे, मग ते आटून घट्ट व्हायचं. उत्तरेत हे काम करणारा वॉकर, दक्षिणेत आणि पूर्वेकडे फुलर, नैऋत्येला टकर. धंदा एक, आडनावं तीन.

चहाची_टपरी
म्हणजे जॉनी वॉकर कापड तुडवणारा होता? उगाच त्या बाटलीवर ऐटीत चालवलाय त्याला.

सुंदरलँडकर
हा धागा माझ्यासाठीच निघालाय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही संडरलंडला राहतो आणि वॉशिंग्टन इथून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी डरहॅम काउंटीत होतं, आता संडरलंड शहराच्या हद्दीत येतं. नाव ऐकून जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं काही नाही हं. कोळशाच्या खाणींचं गाव. १९६४ मध्ये सरकारने 'न्यू टाउन' म्हणून जाहीर केलं आणि मग आपलं सिडकोसारखं. भागांना तेव्हा नुसते आकडे, डिस्ट्रिक्ट अमुक, डिस्ट्रिक्ट तमुक. मोठ्या रस्त्यांवर पाट्याही तशाच होत्या, त्यामुळे बाहेरचा माणूस इथे हमखास चुकायचा. शेजारी निस्सानचा मोटारींचा कारखाना, १९८६ पासूनचा. आपली बरीच मंडळी त्याच्याच आसऱ्याने इकडे आलीत.

जुन्या गावठाणात मात्र चर्चला लागून 'वॉशिंग्टन ओल्ड हॉल' म्हणून दगडी वाडा आहे. आत्ता दिसतो तो बराचसा सतराव्या शतकातला, पण स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्या मधल्या भिंतीत दोन दगडी कमानी आहेत त्या मध्ययुगातल्या, म्हणजे वॉशिंग्टन घराण्याच्या काळच्या. बाकीच्या दगडाला कडा आहेत, या कमानींच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. सरळ हात लावता येतो, कोणी ओरडत नाही.

एकोणिसाव्या शतकात या वाड्याची चाळ झाली होती. खोली-खोलीत खाणकामगारांची बिऱ्हाडं. १९३० च्या दशकात पाडायलाच निघाले होते, तर गावातल्या एका शाळामास्तरांनी मंडळ काढून वाचवला. आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. दर ४ जुलैला तिथे अमेरिकेचा झेंडा लावून समारंभ होतो. ज्या माणसाने इंग्रजांना हाकललं त्याच्या नावाने, इंग्लंडात!

नाना_जुन्नरकर
वा, सुंदरलँडकर ताई. अशी आँखो देखी हवी.

आता आडनावाकडे. ११८३ मध्ये डरहॅमच्या बिशपने आपल्या मुलुखाची पाहणी करून घेतली, तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. हे बिशप म्हणजे नुसते धर्मगुरू नव्हेत, त्या टापूत जवळजवळ राजेच. कोणाकडे किती जमीन, कोण काय देणं लागतो, याचा सगळा हिशेब त्यात आहे. त्यात नोंद अशी, की हर्टबर्नच्या विल्यमकडे वॉशिंग्टन गाव आहे. हर्टबर्न बिशपला देऊन त्याने हे बदल्यात घेतलं. देणं वर्षाला चार पौंड, आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर राहायचं.

गाव बदललं तसं नावही. हर्टबर्नकर विल्यम 'वेसिंग्टन'चा विल्यम झाला आणि वंशजांनी तेच चालवलं. जॉर्ज वॉशिंग्टनची वंशावळ मागे नेत नेत या माणसापर्यंत नेतात.

कोरडी_भाकरी
थांबा थांबा. म्हणजे त्याने अदलाबदल केली नसती तर अमेरिकेची राजधानी 'हर्टबर्न डी.सी.' झाली असती??

चहाची_टपरी
राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर कायम इनोची पुडी.

उंटावरचा_शहाणा
हर्टबर्नचा अर्थ जळजळ नाही हो. हरणाचा ओढा. हार्ट म्हणजे नर हरीण, बर्न म्हणजे ओढा. छान नाव आहे.

कोरडी_भाकरी
अर्थ कळला तरी जळजळ जात नाही.

मुळामुठा
नाना, एका गोष्टीवर असहमत. धागाकर्त्याने 'कर'शी तुलना केलीय आणि सगळे मान डोलावताहेत. पण विल्यम 'वॉशिंग्टनकर' नव्हता, वॉशिंग्टनचा जहागीरदार होता. आपल्याकडे माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा लोक त्याला गावाच्या नावाने ओळखायला लागतात. सातारात राहणाऱ्याला सातारकर म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच सातारकर. याचं उलट आहे. तो बाहेरून आला, मालक झाला, म्हणून गावाचं नाव लावलं. हे आपल्या इनामदार-देशमुखांच्या जवळचं झालं.

नाना_जुन्नरकर
तुमचा मुद्दा विल्यमपुरता बरोबर. नॉर्मन लोक १०६६ नंतर इंग्लंडात आले तेव्हा सरदारांनी आधी असंच जमिनीचं नाव लावलं. पण साध्या माणसाचं काय? तोही गाव सोडून दुसऱ्या गावी मजुरीला गेला की तिथे 'वॉशिंग्टनहून आलेला जॉन' व्हायचा. १३७७ ते १३८१ मध्ये तिथे डोईपट्टी बसवली, तिच्या याद्या पाहिल्या तर अशी नावं ढिगाने सापडतात. म्हणजे एकाच गावावरून जहागीरदाराचं आणि मजुराचं आडनाव एकच, नातं काही नाही. आपल्याकडेही एका गावचे सगळे 'कर' एकमेकांचे भाऊबंद थोडेच असतात?

आणखी एक गंमत, वॉशिंग्टन नावाची गावं दोन. दुसरं पार दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्याही काही घराण्यांनी ते लावलं असणारच.

मुळामुठा
मजुरांचं मान्य. विल्यमला 'कर' म्हणणं अजूनही मान्य नाही.

घाटमाथा
चालेल, विल्यमला वॉशिंग्टन-इनामदार म्हणू. पण डरहॅमहून अमेरिकेला कसे पोचले?

नाना_जुन्नरकर
थेट नाही. थोरली पाती सुमारे १४०० च्या सुमारास मुलगा नसल्याने संपली आणि तो वाडा मुलीच्या सासरी गेला. धाकटी एक पाती लँकाशायरात वॉर्टन गावी होती. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसा केला, दोनदा तिथला महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा याने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची जमीन घेतली आणि तिथे वाडा बांधला. तोही अजून आहे. ब्रिटन-अमेरिका यांच्यात शंभर वर्षं लढाई झाली नाही म्हणून १९१४ मध्ये इंग्रजांनी वर्गणी काढून तो विकत घेतला.

पुढच्या पिढ्यांत आणखी एक लॉरेन्स, एसेक्समधल्या पर्लीचा पाद्री. देशात यादवी पेटलेली, हा राजाच्या बाजूचा. १६४३ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर रोज गुत्त्यात बसून पितो आणि दुसऱ्यांनाही पाजतो. खरं किती, राजकारण किती, देव जाणे. घर मात्र बसलं. त्याचा मुलगा जॉन जहाजावर चाकरीला लागला आणि व्हर्जिनियाला गेला. १६५७ मध्ये तंबाखू भरून परत निघताना जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतलं. जॉन तिथेच राहिला, लग्न केलं, जमीन घेतली. हा जॉर्जचा पणजोबा.

चहाची_टपरी
बाप दारूत, पोरगा पाण्यात, पणतू नोटेवर.

सईबाई
टपरी :D :D

मीठमोहरी
याच घराण्याची ढाल माहीत आहे का? पांढऱ्यावर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. वॉशिंग्टन डी.सी.चा झेंडा हुबेहूब तोच, १९३८ पासून. सल्ग्रेव्हच्या दारावर कोरलेली आहे, यॉर्कशायरात सेल्बीच्या मठाच्या खिडकीत रंगीत काचेत आहे. अमेरिकेचा राष्ट्रध्वज यावरूनच आला असं गाइड लोक छातीठोकपणे सांगतात. त्याला पुरावा नाही. पण पट्टे आणि तारे बघून कोणालाही तसं वाटणारच.

जालनेकर
मला हे वॉशिंग्टन आणि वेलिंग्टन कायम उलटसुलट होतं. वेलिंग्टन तो आमच्या असईचा.

कोरडी_भाकरी
झालं, धाग्याचा काश्मीर.

जालनेकर
काश्मीर नाही, जालना. आणि विषय आडनावाचाच आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणेच्या काठी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली. पुढे १८०९ मध्ये किताब मिळाला तेव्हा वेलिंग्टन झाला. पण वेलस्ली तरी त्याचं खरं आडनाव कुठे? त्याचे आजोबा जन्माने कॉली. वेस्ली नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली म्हणून १७२८ मध्ये वेस्ली झाले. आर्थर स्वतः १७९८ पर्यंत सही 'वेस्ली' करायचा, हिंदुस्थानात आल्यावर 'वेलस्ली' करायला लागला. आणि किताबासाठी गाव त्याच्या भावाने निवडलं. का, तर सॉमरसेटमधल्या या गावाचं नाव आडनावाशी जुळतं. हा स्वतः तेव्हा स्पेनमध्ये लढत होता.

तीन पिढ्यांत कॉली, वेस्ली, वेलस्ली, वेलिंग्टन. आणि आपण आडनावावरून कुळ शोधतो.

सईबाई
ही माहिती नवीन. असईला गेलेय मी, तिथे यातलं कोणी काही सांगत नाही.

अटलांटावासी
घाटमाथा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहितोय. मी इथे बरीच वर्षं आहे.

तुमचा अंदाज बरोबर आहे. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे साधारण १ लाख ६३ हजार लोक होते, त्यातले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. जेफरसन आडनावाचंही बहुमत कृष्णवर्णीयच, पण वॉशिंग्टनइतकं नाही.

आता का. सोपं उत्तर लोक देतात ते 'गुलामांना मालकाचं आडनाव मिळालं'. ते इथे पुरत नाही. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर, म्हणजे जॉर्जच्या मळ्यावर, ३१७ गुलाम होते, त्यातले जॉर्जच्या मालकीचे १२३. त्यांना त्याने मृत्युपत्रात मुक्त केलं, बाकीचे बहुतेक बायकोच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे. एवढ्या माणसांतून दीड लाख आडनावं निघत नाहीत, शिवाय त्या सगळ्यांनी वॉशिंग्टन लावलंही नाही. त्या घराण्यातल्या इतरांकडेही गुलाम होते, तिथून काही आलं असेल. पण बरंचसं लोकांनी स्वतः निवडलेलं आहे, असं इतिहासकार म्हणतात.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यात नाव नाही. मालकाचं नाव आणि खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. बास. आपसात कित्येकांची आडनावं होती, पण कागदावर कोण घेणार? १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा सगळ्यांची नावं आडनावासकट आली.

बुकर टी. वॉशिंग्टनने आत्मचरित्रात स्वतःची गोष्ट लिहिलीय. गुलामगिरीत जन्म, मुक्ती झाली तेव्हा लहान पोर. शाळेत गेला तर हजेरीत प्रत्येकाला दोन-दोन नावं, याला एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवलं, आणि मास्तरांनी पूर्ण नाव विचारल्यावर जन्मभर हेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगितलं, 'बुकर वॉशिंग्टन'. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, आडनाव वेगळंच. आईने आपल्याला जन्मतः 'टालिफेरो' असंही नाव दिलं होतं हे त्याला मागाहून कळलं, मग ते मधे घातलं. तोच तो 'टी'.

मांडवीकाठ
हे वाचून गोवा आठवला. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रोड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा. आमच्या वाड्यावर निम्मे फर्नांडिस, आणि कुणाच्या खापरपणजोबाचं नाव फर्नांदो असेल तर शपथ! कुळदेवी कुठली ते मात्र अजून कित्येकांना ठाऊक आहे. तिथे निवड नव्हती हा फरक.

तळ्यात_मळ्यात
अटलांटावासी, निवडलं हे ठीक, पण मालकांचंच नाव का निवडावं? मला तरी कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याचं पटतं. 'लिटल' हे गोऱ्या मालकाने आमच्या पूर्वजांवर मारलेलं नाव म्हणून त्याने टाकून दिलं आणि हरवलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी नुसता 'एक्स' लावला. ज्याने माणसं विकत घेतली त्याचं नाव दारावर कशाला?

अटलांटावासी
तो विचार १९५० च्या दशकातला, शहरातल्या माणसाचा. १८६५ मध्ये नुकत्याच सुटलेल्या माणसाला कागदावर उभं राहायचं होतं. मजुरीचा करार, लग्नाची नोंद, विकल्या गेलेल्या मुलाचा शोध, सगळ्याला आडनाव लागत होतं. कोणी शेवटच्या मालकाचं टाळून आधीच्याचं लावलं, म्हणजे ताटातूट झालेली भावंडं त्या नावावर सापडतील. कोणी फ्रीमन लावलं. कोणी देशाच्या पहिल्या अध्यक्षाचं. माझ्या ओळखीच्या एका वॉशिंग्टन आजींना मी तुमचाच प्रश्न विचारला होता. म्हणाल्या, "त्याच्याकडे ते एकाच घराण्याचं होतं, आम्ही त्याचं गाव केलं."

तळ्यात_मळ्यात
आजींपुढे बोलत नाही. पण मत बदललं असं समजू नका.

मुळामुठा
शाळेच्या हजेरीवरून आठवलं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. शाळेत नाव घालताना गावावरून आंबडवेकर लागलं आणि पुढे आंबेडकर झालं. आज देशभर त्या नावाचे रस्ते, शाळा, विद्यापीठं आहेत, आणि मंडणगड नकाशावर दाखवा म्हटलं तर किती जण दाखवतील?

नाना_जुन्नरकर
उत्तम. आणि हे मात्र खरं 'कर' बरं का, मुळामुठा.

मुळामुठा
हो नाना, हे खरं 'कर'. :)

चहाची_टपरी
सगळं झालं, वॉशिंग्टन सुंदर राहिला. तो कुठल्या वाडीचा?

कोरडी_भाकरी
चेन्नईचा. तिथे वॉशिंग्टन हे त्याचं नाव आणि सुंदर वडिलांचं. वडिलांना तरुणपणी क्रिकेटसाठी मदत करणारे एक निवृत्त लष्करी गृहस्थ होते, त्यांचं नाव वॉशिंग्टन. त्यांच्या आठवणीसाठी मुलाचं नाव ठेवलं. म्हणजे याचाही जॉर्जशी संबंध नाही.

मीठमोहरी
वॉशिंग्टन राज्याचीही गंमत आहे. १८५३ मध्ये तिथल्या लोकांनी 'कोलंबिया' नाव मागितलं होतं. संसदेत कोणीतरी म्हणालं, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.शी, घोटाळा होईल, वॉशिंग्टन ठेवा. मिटला घोटाळा!

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. धाग्याचा दुवा सहकाऱ्यांना पाठवून उपयोग नव्हता, म्हणून सारांश इंग्रजीत करून पाठवला. त्यांचे पणजोबा दक्षिण कॅरोलिनातले, त्या आधीचं कागदावर काही नाही. १८७० च्या यादीत शोधून पाहणार आहेत. हर्टबर्नवर मात्र ते टपरीपेक्षा जास्त हसले.

उंटावरचा_शहाणा
त्यांना सांगा, १८७० च्या यादीत स्पेलिंग गणकाच्या मर्जीने असतं. एकच अक्षर धरून बसू नका, आणि शेजारच्या घरांची नावंही वाचा. नातेवाईक बहुधा जवळच सापडतात.

पैठणी_काकू
लेकीकडे न्यूकॅसलला येतेय उन्हाळ्यात. सुंदरलँडकर, तो वाडा बघण्यासारखा आहे का? गुडघे बोलतात, जिने फार आहेत का?

सुंदरलँडकर
काकू, नक्की या. खालचा मजला पाहिला तरी पुरे, कमानी तिथेच आहेत, मागे छोटी बाग आहे. वरच्या चाळीच्या खोलीसाठी जिना आहे, तो तुम्ही सोडा. सगळे दिवस उघडा नसतो, लेकीला आधी वेळा पाहायला सांगा. आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'वॉशिंग्टन' सांगू नका, 'ओल्ड हॉल, चर्चजवळ' असं सांगा. नाहीतर तो निस्सानच्या गेटवर सोडेल. यायच्या आधी व्यक्तिगत निरोप करा, चहाला घरीच या.